मागचा ब्रेक

अबेनोच्या चढावर सकाळी आठ वाजता
फुटपाथ कुणाचाच नसतो.
कायद्याने तो चालणाऱ्यांचा,
पण खाली ट्रक अंगाला घासून जातात
म्हणून आम्ही सगळ्या चढतो वर:
पुढे एक मूल, मागे एक मूल बसवलेल्या आया,
हँडलला छत्री कायमची आवळून घेतलेली मासळीवाली,
आणि मी,
टोपलीत रबरी हातमोजे, रक्तदाबाचं यंत्र,
दिवसभरात सहा घरं, सहा म्हातारपणं.

घंटी आहे. वाजवत नाही.
चालत्या माणसाच्या पाठीवर घंटी वाजवणं म्हणजे
त्याच्या घरात चपला घालून शिरणं.

माझं काम मागचा ब्रेक करायचा.
अकरा वर्षांचा जुना. जरा दाबला की किंचाळायचा,
डुकराच्या पिल्लाचा पाय दारात सापडावा तसा.
त्या आवाजावर कुणी रागावत नसे.
ऑफिसला निघालेला कोट
फोनमधून डोकं न काढता अर्धं पाऊल डावीकडे होई,
पिवळ्या टोप्यांची शाळकरी रांग भिंतीला चिकटे,
ढकलगाडीला टेकत चालणाऱ्या एक बाई तर
मागे न बघताच म्हणत, "या, या."

गेल्या मंगळवारी हवा भरायला थांबले
तर सायकलवाल्या इनुईने न विचारताच
सगळा ब्रेकच बदलून टाकला.
"काय ते केकाटणं, बाई! पडूनच होता हा माझ्याकडे."
पैसे घेतले नाहीत. वर घंटीही पुसून दिली.

आता मी आले तरी कुणाला कळत नाही.
वाईट बातमीसारखी
माणसांच्या पाठीशी येऊन उभी राहते.
घसा खाकरते. "माफ करा" म्हणते,
इतकं हळू की ते माझं मलाच.
सिग्नलवरचा खोटा पक्षी चिवचिवतो, सगळे सुटतात,
मी एक पाय जमिनीवर ठेवत
लंगडी घालत त्यांच्यामागून.
काल एका पोराच्या दप्तराला हँडल लागलं.
त्यानेच माझी माफी मागितली.

सांगायचं होतं ते हे नाही.

तिसरं घर योनेमित्सुंचं.
चाळीस वर्षं ट्राम चालवली. आता दुसऱ्या मजल्यावर
खिडकीशी खुर्ची, खाली तेच रूळ.
मी पोचायचे तेव्हा तयार असत,
मोजे चढवलेले, टाचेवर टाच नीट बसलेली,
आणि रोजचं एकच वाक्य:
"आज ब्रेक उशिरा दाबलास."

बुधवारी दार उघडलं
तर एक मोजा पायात अर्धा, दुसरा हातात,
आणि ते खुर्चीतल्या खुर्चीत
पाठमोरे व्हायला बघत होते.
मी वाकले. त्यांनी पाय मागे ओढला.
"आवाज नाही आला," एवढंच म्हणाले,
जणू चूक त्यांच्या कानाची.

जिना उतरताना हिशेब लागला.
कोपऱ्यावरचा ब्रेक, मग स्टँड, कुलूप,
टोपलीतून पिशवी काढणं, सव्वीस पायऱ्या.
तेवढ्या वेळात
ते दोन मोजे घालत असत,
आणि माझ्या कागदावर, त्या रकान्यात,
मी रोज न बघता लिहायचे: स्वतः.

आज त्यांच्या खिडकीखाली उभी आहे,
अंगठा घंटीवर.
ट्रिंग.

कुत्रा घेऊन चाललेला एकटा माणूस
दचकून बाजूला झाला, वाट मोकळी करून थांबला.
मी जाईना.
त्याने माझ्याकडे पाहिलं, मग सायकलकडे,
मग पुढच्या अख्ख्या रिकाम्या फुटपाथकडे.
मी मान लववली, बरीच खाली.

वर खिडकीत काही हललं नाही.
मी मनातल्या मनात सव्वीस पायऱ्या मोजते आहे,
सावकाश,
आणि पुन्हा पहिलीपासून,
दुसऱ्या मोज्यासाठी.